घरी पहिल्यांदाच डेस्कटॉप जोडायचा आहे: यादी तपासून द्या, आणि हात कुठे अडकतो तेही सांगा

उंबरठा
राम राम मंडळी. तयार मशीन न घेता सुटे भाग आणून घरीच डेस्कटॉप जोडायचा बेत आहे. काम तीन तऱ्हेचं: डाव्हिंची रिझॉल्व्हवर १०८०पी व्हिडिओ कापणं, थोडं मराठी डीटीपी आणि कॉलेजातल्या मुलीचं कोडिंग. गेमिंग नाही (निदान मला सांगितलेलं नाही).

यादी: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, डब्यातल्या कूलरसकट. बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, वाय-फायवाला. डीडीआर५ रॅम, ८ जीबीच्या ४ पट्ट्या. १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी. कॅबिनेट ठरायचंय, दुकानदार पुढून काच असलेल्या एका कॅबिनेटवर ५०० वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) फुकट देतोय.

प्रश्न तीन. यातलं कुणी कुणाशी भांडणारं आहे का? जोडायचं कुठल्या क्रमानं? आणि दुकानदार म्हणतो "जोडून देतो, वर काही नको", तर घरी जोडण्यात हशील काय? पेचकस धरता येतो, फ्यूज बांधता येतो. त्यापलीकडे पाटी कोरी.

तांबडा_रस्सा
फुकटचा एसएमपीएस?! इथेच थांबा. बाकीचं नंतर वाचतो.

निळी_वायर
रस्साभाऊंना +१. डब्यावरच्या ५०० कडे बघूच नका, एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेला तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टचा रकाना असतो आणि खाली अँपिअर. त्याला १२ नं गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचंही पोट १२ व्होल्टवरच भरतं, त्यामुळे खरा आकडा तो. चांगल्या ५५० वॅटच्या नगावर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास दिसेल, म्हणजे ५४० वॅट. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्यांवर १६-१८ अँपिअर छापलेलं असतं. १६ गुणिले १२ म्हणजे १९२. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत कोंबून बेरीज फुगवलेली असते. छापलेलं तरी खरं असेल असं धरून बोलतोय.

तुमचा हिशेब असा. ७६०० वर टीडीपी (कंपनीनं दिलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट लिहिलंय, पण तो भारावर ८८ पर्यंत ओढतो. ४०६० ची ओढ ११५. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४०-५०. झाले अडीचशे. ५५० वॅटचा नग आरामात पुरतो, ४०६० साठीची शिफारसही तीच आहे. '८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतली संरक्षक सर्किटं कशी आहेत ते सांगत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटीही बघा. ५ वर्षं किंवा जास्त हवी.

आणि एक, मॉड्युलर एसएमपीएस घेतलात तर त्याच्या केबली त्याच्याच. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रमाणित नाही, कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. दुसऱ्याची साटा केबल (डिस्कला वीज देणारी) बिनतक्रार बसते आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट पाठवून डिस्क जाळते.

घाटमाथा
रॅम बदला. ८ च्या ४ नकोत, १६ च्या २ घ्या. ७००० मालिकेच्या रायझनवर दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चारही खाचा भरल्या की तो ३६०० वर येतो. चार पट्ट्यांवर ६००० चालवणारे लोक आहेत, पण ते त्यांच्या नशिबावर. दोन पट्ट्यांचं ६०००, सीएल३० चं (हा रॅमच्या प्रतिसादाचा आकडा, लहान तितका चांगला) किट घ्या, ७६०० ला तेच मानवतं. पुढेमागे ६४ लागलंच तर ३२ च्या दोन घ्याल.

पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बोर्डावर ए२ आणि बी२ असं बारीक छापलेलं असतं. पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत टाकलं की एक तर चालू होत नाही, नाही तर होतं आणि नंतर कधीतरी रडवतं.

शून्य_वॅट
एवढा खर्च कशाला राव? रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून कुठच्या कुठे गेलेत. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि कुणाकडची जुनी डीडीआर४ रॅम. १०८०पी व्हिडिओला काही कमी पडत नाही. वाचलेल्या पैशात मॉनिटर चांगला घ्या. डीटीपी करणाऱ्याचा मॉनिटर महत्त्वाचा, प्रोसेसर नाही.

घाटमाथा
मॉनिटरबद्दल मान्य. जुनी डीडीआर४ घरात पडली असेल तर बाकीचंही मान्य. पण नवीनच घ्यायची तर एएम४ वर, म्हणजे ५६०० ज्या सॉकेटात बसतो त्यावर, पैसे घालू नका. ते सॉकेट २०१६ चं आहे, त्यापुढे रस्ता नाही. ७६०० च्या एएम५ वर २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर येत राहतील असं रायझन बनवणाऱ्या एएमडीनं जाहीर केलंय.

दुसरं कारण पहिल्यांदा जोडणाऱ्यासाठी जास्त मोलाचं. ७६०० मध्ये छोटा ग्राफिक्स भाग आतच आहे. ५६०० मध्ये नाही, स्वस्तात मिळणाऱ्या ७५००एफ मध्येही नाही. म्हणजे कार्ड न लावता, बोर्डाच्या एचडीएमआयवरून पडदा बघता येतो. काहीतरी बिघडलं की "कार्डात आहे का बाकी कशात" याचं उत्तर एका मिनिटात मिळतं. नाहीतर दुसरं कार्ड मागायला गल्लीभर हिंडा.

पेचकसबाई
क्रम विचारलाय तो सांगते. लांबेल.

कॅबिनेट आधी उघडूच नका. बोर्डाच्या खोक्यावर, म्हणजे साध्या पुठ्ठ्यावर, बोर्ड ठेवा. चंदेरी पिशवीवर ठेवून चालू करू नका, तिची बाहेरची बाजू वीज वाहू शकते.

सॉकेटची दांडी सोडा, टोपीसकट चौकट उचला, आणि प्रोसेसर ठेवण्याआधी फोनचा टॉर्च तिरका धरून पिना बघा. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात, १७१८. सगळ्यांवर उजेड एकसारखा चमकायला हवा. एखाद्या ठिकाणी चमक तुटली तर पिन वाकलेली. ही तपासणी खोकं फोडतानाच, व्हिडिओ चालू ठेवून करा. नंतर "आधीपासूनच वाकडी होती" हे कुणाला पटवता येत नाही. मग प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाला जुळवून तो *ठेवा*. दाबायचा नाही, सरकवायचा नाही. आपल्या वजनानं बसला पाहिजे. चौकट आणून दांडी खाली घेताना बराच जोर लागतो, थोडा करकर आवाजही येतो. तिथे घाबरायचं नाही. काळी प्लास्टिकची टोपी त्या दाबानं आपोआप उडते. ती जपा, बोर्ड वॉरंटीला गेला तर सॉकेटवर टोपी लागते.

रॅम: खाचेची चीर जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दोन टोकांना, टक्क आवाज येईपर्यंत. पहिल्यांदा जोडणारे इथे हमखास कमी जोर लावतात, आणि प्रोसेसरवर हमखास जास्त. बऱ्याच बोर्डांवर एकाच टोकाला कडी असते, त्यामुळे दुसरं टोक अर्धवट राहिलेलं कळत नाही. आडवं बघून खात्री करा.

एसएसडी: प्रोसेसरजवळच्या एम.२ खाचेत, साधारण ३० अंशांत तिरकी सरकवून खाली दाबायची आणि बारीक स्क्रू. त्यासाठी लहान पेचकस लागेल, नंबर २ चा मोठा वापरलात तर डोकं झिजलंच म्हणून समजा. वर धातूचा पत्रा असेल तर त्याच्या आतल्या पॅडवरचं पारदर्शक प्लास्टिक सोला. हे विसरणारे इतके असतात की काय सांगू.

कूलर: डब्यातल्या कूलरला खालून करडी पेस्ट लावलेलीच येते. वर आणखी लावू नका, बोट लावून बघू नका. बोर्डावर सॉकेटच्या दोन बाजूंना काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांचे ४ स्क्रू काढून पट्ट्या बाजूला ठेवा. त्याच भोकांत कूलरचे ४ स्प्रिंगवाले स्क्रू जातात. समोरासमोरच्या कोपऱ्यांत, प्रत्येकाला दोन-दोन आटे, असं फिरत घट्ट करा. एक पूर्ण आवळून मग दुसरा केला तर कूलर एका अंगाला उचलला जातो. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर, दुसरीकडे नाही. नाहीतर सुरुवातीलाच पंखा सापडत नाही म्हणून अडून बसेल.

आता एसएमपीएसच्या दोन केबली: २४ पिनांची मोठी आणि प्रोसेसरची ८ पिनांची. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला. कार्ड नाही, कॅबिनेट नाही. पॉवर स्विचच्या दोन पिनांना (त्या कुठल्या ते पुढे सांगते) पेचकसाचं टोक क्षणभर लावा. चालू झालं तर झालं, मगच कॅबिनेटमध्ये. आत बसवून मग चालू न होणं म्हणजे सगळं पुन्हा उसवणं.

कुळथाची_पिठी
ताई, कूलरच्या त्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्यावर बोर्डामागचा पत्रा खाली पडत नाही का?

पेचकसबाई
एएम४ वर पडतो, म्हणून तिथे एक हात मागे धरावा लागतो. एएम५ वर तो सॉकेटच्याच स्क्रूंनी धरलेला असतो.

निळी_वायर
क्रम उत्तम. एक जोड: त्या ८ पिनांच्या केबलीवरून गफलत होते. एसएमपीएसमधून दोन जातीच्या ८ पिनी निघतात. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते, ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ अशी. प्लगातल्या पिनांच्या घरांचे आकार वेगळे आहेत, सहज अदलाबदल होत नाही. पण माणूस हट्टी असतो. जोर लावावा लागतोय म्हणजे केबल चुकीची.

सदा_प्रश्न
हातातली स्थिर वीज? तो मनगटाचा पट्टा घ्यावा का?

विदर्भी_ऊन
भाऊ, कुठं राहता त्यावर आहे. पावसाळ्यात रत्नागिरीत बसून जोडत असाल तर हवेतच इतका ओलावा की ठिणगी जमत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपूरला स्वेटर घालून, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जोडाल तर सांभाळा. सुती कपडे, अनवाणी, साध्या फरशीवर. एसएमपीएस सॉकेटात खोचून ठेवा पण भिंतीवरचं बटण बंद आणि एसएमपीएसचं मागचं बटणही बंद. आपल्याकडचं भिंतीचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थ जोडलेलाच राहतो. मग दर थोड्या वेळानं एसएमपीएसच्या उघड्या धातूला हात लावला की पट्ट्याचं काम झालं.

निळी_वायर
*अर्थ असेल तर.* जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. मल्टिमीटरनं बघा: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १०० वगैरे दाखवत असेल किंवा काटा नुसता भटकत असेल तर अर्थ नाही. मीटर हाताळता येत नसेल तर वायरमनला बोलवा, दोन मिनिटांचं काम.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लुकलुकतो, ही तक्रार घरोघरी. लोक एसएमपीएस बदलतात आणि झिणझिण्या तशाच. कारण साधं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ असला की त्यातून झिरपणारा प्रवाह मुकाट जमिनीत जातो. अर्थ नसला की बॉडी दोघांच्या मधोमध लोंबकळते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी नगण्य म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच अवस्थेत चालू मशीनची एचडीएमआय केबल काढा-घाला केली तर मॉनिटरचं किंवा कार्डाचं पोर्ट जातं.

कुळथाची_पिठी
आमच्याकडे अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर बादलीभर पाणी ओततात ते याच्यासाठीच होय!

निळी_वायर
त्याचसाठी. मीठ-कोळसा कोरडा पडला की जमिनीशी नातं तुटतं.

शून्य_वॅट
संगणकाचा धागा अर्थिंगच्या खड्ड्यात गेला. यूपीएसचंही सांगून टाका म्हणजे विषय संपेल.

घाटमाथा
यूपीएसवर व्हीए लिहिलेलं असतं, वॅट बारीक अक्षरात. ६०० व्हीएचा नेहमीचा नग म्हणजे ३६० वॅट. तुमचे २५० अधिक मॉनिटरचे ३० धरले तर तो चालेल, पण रिझॉल्व्ह रेंडर करत असताना वीज गेली तर वेळ जेमतेम सेव्ह करून बंद करण्यापुरता. १००० व्हीए, ६०० वॅट घेतलात तर निवांत. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की साइन लाट देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो. बहुतेकांना चालते, पण ॲक्टिव्ह पीएफसीचे (वीज ओढण्याची लाट सुधारणाऱ्या सर्किटचे) काही एसएमपीएस त्या बदलाच्या क्षणी बंद पडतात. जोडून झाल्यावर भार टाकून प्लग उपटून बघा, आणि ते बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत बघा.

तांबडा_रस्सा
एसएमपीएसचं झाकण मात्र कुणी उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात.

विदर्भी_ऊन
कॅबिनेटकडे कुणी बघेना. पुढून काच घेऊ नका. हवा जायची कुठून? पुढून जाळी असलेलं घ्या, १२० मिमीचे दोन पंखे पुढे आत ओढणारे, एक मागे बाहेर टाकणारा. पंख्याची दिशा कळत नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणारे चार आडवे हात दिसतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते.

चंद्रपुरात मे महिन्यात खोलीच ४० च्या वर. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या वर मोजायचं असतं. २५ अंशांच्या खोलीत जो ७५ दाखवतो तो ४२ च्या खोलीत ९२ दाखवणार. ७६०० ची हद्द ९५, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. पण डब्यातला कूलर त्या वेळी विमानासारखा ओरडतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) पीपीटी, म्हणजे प्रोसेसरनं जास्तीत जास्त ओढायचे वॅट, ८८ वरून ६५ वर आणला तर वेग थोडाच घटतो आणि आवाज बराच.

कुळथाची_पिठी
आमच्या कोकणात उन्हापेक्षा पाल मोठी. मागच्या कार्डाच्या रिकाम्या खाचांवरचे पत्रे काढून फेकू नका, काढलेत तर तिथून पाल आणि मुंग्या आत. एसएमपीएसच्या उबेला पालीला फार आवडतं, आणि ती शॉर्ट झाली की दोघंही जातात.

सदा_प्रश्न
ऑफिसचं मशीन चालू करताना वास आला तो हाच असणार म्हणजे.

पेचकसबाई
:) पुढचा टप्पा. कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवण्याआधी खालच्या पितळी उंचवट्यांची जागा तपासा. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिमी, एटीएक्स ३०५ बाय २४४. मोठ्या कॅबिनेटमध्ये एटीएक्ससाठी आधीच लावलेला एखादा उंचवटा तुमच्या बोर्डाला जिथे भोकच नाही तिथे येऊ शकतो. तो बोर्डाच्या पाठीला टेकला की शॉर्ट. बोर्डाची भोकं मोजा, उंचवटे मोजा, जास्तीचे काढा. पुठ्ठ्यावर चाललं आणि कॅबिनेटमध्ये मेलं, असं झालं की पहिला संशय याच्यावर.

मागच्या पोर्टांचा पत्रा स्वस्त बोर्डांत सुटा येतो. तो आधी कॅबिनेटला बसवायचा. सगळे स्क्रू आवळून झाल्यावर तो पत्रा टेबलावर हसत पडलेला असतो. ८ पिनी प्रोसेसर केबलही बोर्ड आत जाण्याआधी मागून वरच्या कोपऱ्यात ओढून ठेवा, नंतर तिथे बोट जात नाही.

मग त्या कुप्रसिद्ध बारीक वायरी. बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ९ पिनांचा गठ्ठा असतो, एका रांगेत ५, दुसरीत ४. चारांच्या रांगेत टोकाला एक पिन गायब. त्या गायब पिनेला लागून असलेल्या दोन पिना पॉवर स्विचच्या. त्याच रांगेतल्या उरलेल्या दोन पॉवरच्या दिव्याच्या, त्यात टोकाची अधिक, आतली उणे. पाचांच्या रांगेत त्याच टोकापासून दोन डिस्कच्या दिव्याच्या (टोकाची अधिक), पुढच्या दोन रीसेटच्या, शेवटची रिकामी. स्विचला अधिक-उणे नसतं, उलटं लागलं तरी चालतं. दिव्याला असतं, उलटा लागला तर फक्त पेटत नाही, बिघडत काही नाही. तेव्हा घाम गाळू नका.

घाम गाळायचा तो यूएसबी ३ च्या जाड १९ पिनी जोडणीवर. ती सरळ बसवा आणि काढायची वेळ आली तर हलवून-हलवून उपटू नका. पिना वाकतात, कधी बोर्डावरचं आख्खं घरच उखडून येतं.

उंबरठा
केवढी माहिती! यादी बदलली: १६ च्या २ पट्ट्या, जाळीचं कॅबिनेट, एसएमपीएस वेगळा. विंडोज की लिनक्स, हे विचारून आगीत तेल ओततो.

शून्य_वॅट
लिनक्स. कोडिंगला तेच, फुकट, आणि मराठी टंकायला इनस्क्रिप्ट कळफलक तयार.

घाटमाथा
रिझॉल्व्ह फुकटातलं वापरणार असाल तर लिनक्सवर फसाल. तिथली फुकट आवृत्ती एच.२६४ उघडत नाही, आणि फोनचे, कॅमेऱ्यांचे बहुतेक व्हिडिओ त्यातच असतात. एएसी आवाजाचीही तीच गत. प्रत्येक फाइल आधी बदलून घ्यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्यासाठी विंडोज ११. कोडिंगसाठी त्यातच डब्ल्यूएसएल लावून मुलीला लिनक्स मिळेल. विंडोज १० चा आता विचार नको, त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, तो मागच्या पोर्टात लावायचा. टीपीएम (विंडोज ११ मागतं ती सुरक्षेची सोय) शोधत बसू नका, या बोर्डांवर ते प्रोसेसरमधूनच येतं. अडचण वेगळीच येते: विंडोज मांडताना इंटरनेट मागतं आणि तुमच्या बोर्डाच्या वाय-फायचा ड्रायव्हर त्याच्याकडे नसतो. अँड्रॉइड फोन केबलनं लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, तेवढ्यानं काम होतं. शिवाय बोर्डाच्या संकेतस्थळावरचे लॅन आणि वाय-फायचे ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा.

सदा_प्रश्न
मूळ तिसरा प्रश्न राहिला की. दुकानदार फुकट जोडून देतोय, मग ही उठाठेव कशाला?

निळी_वायर
कारण 'फुकट जोडणी' बहुधा सगळे भाग त्याच्याकडूनच घेतले तर असते, आणि मग एसएमपीएस नि रॅम त्याच्या शेल्फावरची. भाग तुम्ही निवडणार असाल आणि प्रत्येकाचं जीएसटी बिल अनुक्रमांकासकट मिळणार असेल तर खुशाल त्याच्याकडून जोडून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर समोर उभं राहून जोडून घेणारे पुष्कळ, त्यात कमीपणा नाही. पण डोळ्यांसमोर व्हायला हवं, आणि रिकामी खोकी घरी यायला हवीत.

पेचकसबाई
मी घरीच म्हणेन. दोन वर्षांनी एसएसडी वाढवायची, कूलर साफ करून पेस्ट बदलायची, हे सगळं तेच हात करतात. आणि पेस्ट बदलताना: जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी मध्यभागी वाटाण्याएवढी. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं असेल तर त्यात पाणी असतं, नीट वाळू द्या.

उंबरठा
भाग आले. खोकं फोडतानाचा व्हिडिओ केला, पिना सरळ. अर्थ तपासला: फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ १.५. पुठ्ठ्यावर मांडून आत्ताच चालू केलं. पंखा फिरतोय, पडदा काळा, बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेल्यापुढचा पिवळा दिवा पेटून राहिलाय. ४० सेकंद झाले. बंद करू?

घाटमाथा
नका! डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःची जुळवाजुळव करते, त्याला ट्रेनिंग म्हणतात. काही मिनिटं काळा पडदा दिसणारच. मध्येच बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून. १० मिनिटं घड्याळ लावून हात मागे बांधून बसा.

पेचकसबाई
१० मिनिटांनंतरही तसंच राहिलं तर वीज बंद करून एकच पट्टी ए२ मध्ये, पुन्हा. मग दुसरी पट्टी त्याच खाचेत. दोन्ही वेळा दिवा तसाच राहिला तर कूलर उतरवून प्रोसेसर पुन्हा ठेवायचा. पण तिथवर जायची वेळ बहुधा येत नाही. पट्टी अर्धवट बसलेली असते.

उंबरठा
साडेतीन मिनिटं. बायोस दिसला! रॅम ३२ जीबी, वेग ४८००. एसएसडी दिसत्येय. प्रोसेसर ४६ अंश.

घाटमाथा
अभिनंदन. ४८०० बघून दुकानदाराला फोन करू नका. ६००० हा वेग एक्स्पो (रॅमवर आधीच नोंदलेली वेगाची मांडणी) चालू केल्यावर मिळतो, बायोसमध्ये त्याच नावानं आहे. ते केलं की पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा काळा पडदा. मग मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावा. एक जरी चूक आली तर ५६०० वर आणा. रॅमच्या चुकांवर विंडोज मांडलं की नंतर फाइली बिघडतात आणि संशय सगळ्यांवर जातो, रॅम सोडून.

निळी_वायर
कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून *कार्डाला* लावा. तुमच्याकडे दोन्हीकडे चित्र दिसू शकतं, त्यामुळे चूक कळत नाही. कार्ड बसून राहतं आणि मॉनिटर त्या छोट्या आतल्या भागावर चालतो. केबल काढताना मशीन बंद, वर लिहिलेलं आठवा.

उंबरठा
कॅबिनेटमध्ये गेलं, विंडोजही मांडून झालं (टेदरिंगनंच). एक जास्तीचा उंचवटा निघाला खरंच, ताई. आता एकच: मिनिटाला दोनतीनदा टिक-टिक आवाज येतो आणि थांबतो.

पेचकसबाई
सलग नाही, थांबून-थांबून? केबल पंख्याच्या पात्याला लागतेय. वेग वाढला की लागते, कमी झाला की सुटते. बहुतेक पुढच्या पंख्यामागची बारीक ऑडिओची वायर असेल, ती खालून लांब यावी लागते म्हणून ताणलेली असते. बंद करून झिप टाय लावा, आणि कापलेलं शेपूट पंख्याकडे राहू देऊ नका.

तांबडा_रस्सा
आता बाकीचं वाचून काढलं. एसएमपीएस शेवटी कुठला घेतला?

उंबरठा
५५० वॅट, १२ व्होल्टला ४५ अँपिअर. दुकानात उभं राहून गुणाकार केला. दुकानदार म्हणाला, "साहेब, असं कुणी वाचत नाही."